एका विद्यार्थिनीचा आठवडा : करोल बाग ते ल्यों

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत मी परदेशातील शिक्षणाविषयी बोलावे, अशी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी इच्छा व्यक्त केली. हा विषय आता आपल्या करोल बागेतही घराघरांत निघतो. त्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना परदेश म्हणजे सुखाचे आगर वाटते, तर काहींना मूल हातचे जाण्याची वाट. तिसरा प्रश्न पालक जरा दबक्या आवाजात विचारतात, ‘बाई, मराठी माध्यमातले मूल तिथे टिकेल का?’ या तिन्ही गोष्टींना सिद्धान्ताने उत्तर देण्यापेक्षा आपल्याच शाळेच्या एका विद्यार्थिनीचा फ्रान्समधील एक आठवडा मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

तत्पूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. विद्येसाठी फ्रान्सला जाण्याची मराठी माणसाची वाट जुनी आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे पहिल्या महायुद्धानंतर उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले होते. पुण्याचे संस्कृत पंडित वासुदेव गोपाळ परांजपे यांनी कात्यायनाच्या वार्तिकांवरील आपला प्रबंध पॅरिसमध्ये, फ्रेंच भाषेत सिद्ध केला. तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै आणि आपल्या दिल्लीचे चित्रकार रामकुमार यांनी स्वातंत्र्योत्तर काळात पॅरिसमध्येच चित्रकलेचे पाठ घेतले.

ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आपल्या मराठी भाषेच्या घडणीचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने फ्रेंचमध्ये लिहिला. तो १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे १९४१ साली ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आला. भाषांतरकार होते तेच वासुदेव गोपाळ परांजपे. जी भाषा बोलताना आपली मुले मेट्रोच्या डब्यात कधी कधी आवाज खाली आणतात, ती पॅरिसच्या विद्वानांना आयुष्यभर अभ्यासण्याजोगी वाटली होती, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

आता मूळ विषयाकडे वळते. जिच्याविषयी मी बोलणार आहे तिचे नाव तिच्याच इच्छेनुसार घेत नाही. तिचे वडील सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करतात. करोल बागेत हे काम करणारी अनेक कुटुंबे सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आलेली आहेत, हे आपण जाणताच. सराफांच्या कारखान्यांतील झाडलोट, कानशीची धूळ, जुने दागिने हे सारे मुशीत वितळवून त्यातून शुद्ध धातू वेगळा काढायचा, हे त्यांचे काम. ही मुलगी आपल्या शाळेतून उत्तीर्ण झाली, दिल्लीत रसायनशास्त्राची पदवी घेतली, लोदी इस्टेटमधील आलियाँस फ्रान्सेजमध्ये संध्याकाळी फ्रेंच शिकली आणि मटेरियल सायन्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ल्यों शहरी गेली. मी तिला आपल्या विद्यार्थ्यांसाठी एका आठवड्याची दिनचर्या लिहून पाठविण्यास सांगितले होते. तिने नोव्हेंबरमधील एक आठवडा निवडला. तिच्या मराठी हस्ताक्षरातील त्या अकरा पानांच्या आधारे मी पुढील वृत्तांत देत आहे.

सोमवार. नोव्हेंबरात ल्योंमध्ये सूर्योदय व्हायला पावणेआठ होतात आणि पहिले व्याख्यान आठला असते. म्हणजे खोलीतून निघायचे ते अंधारातच. ला दुआ हा तिचा विद्यापीठ परिसर शहराला लागून असलेल्या व्हिलर्बान येथे आहे. तेथे ट्रामने जावे लागते. तेथील अध्यापनाचे तीन प्रकार आहेत. पहिला मोठ्या सभागृहातील व्याख्यानाचा. त्यात प्राध्यापक बोलतात आणि विद्यार्थी लिहून घेतात. दुसरा लहान गटातील उदाहरणांच्या तासाचा. तेथे कोणालाही फळ्यावर बोलावले जाते. तिसरा प्रयोगशाळेचा, तेथील प्रत्येक प्रयोगाचा अहवाल ठरल्या मुदतीत द्यावा लागतो. सोमवारी तिला पहिल्या दोन्ही प्रकारचे तास मिळून सात तास बसावे लागले. दुपारचे जेवण विद्यार्थ्यांसाठीच्या शासकीय उपाहारगृहात झाले. तेथे त्या वेळी संपूर्ण थाळी ३.३० युरोंना मिळत असे. रात्री दहापर्यंत गेल्या प्रयोगाचा अहवाल लिहून झाला. ‘बाई, व्याख्यान कळते, पण लिहून घेताना फ्रेंच मागे पडते आणि हात आपोआप मराठीत खुणा करू लागतो,’ असे तिने लिहिले आहे.

मंगळवारचा निम्मा दिवस कागदपत्रांत गेला. फ्रान्समध्ये प्रत्येक कामाचे एक ‘दोसिए’ असते. आपण ज्याला दप्तर किंवा फाइल म्हणतो, तेच. आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी जन्मदाखला, त्याचे अधिकृत अनुवादकाने केलेले फ्रेंच भाषांतर, बँकेचा तपशील, प्रवेशाचा दाखला असे सारे जोडावे लागते. एक कागद कमी पडला की दोसिए परत येते. तिचे एकदा परत आले होते. त्या दिवशी ते स्वीकारले गेले. हा प्रसंग मी आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे मुलांची सारी कागदपत्रे आई-वडीलच सांभाळतात. अठरा वर्षांच्या मुलाला आपला जन्मदाखला कोणत्या कपाटात आहे हे ठाऊक नसते.

बुधवारी सकाळी प्रयोगशाळा आणि दुपारी नोकरी. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळांना बुधवारी पूर्ण किंवा अर्धी सुटी असते, त्यामुळे त्या दिवशी मुले सांभाळणाऱ्यांना मागणी असते. परदेशी विद्यार्थ्याला तेथे वर्षाला ९६४ तासांपर्यंत काम करता येते. सरासरीने ते आठवड्याला साडेअठरा तास होतात. आमची विद्यार्थिनी एवढे काम करीत नाही. अभ्यास बुडेल म्हणून तिने बुधवारची दुपारच फक्त ठेवली आहे. सहा-सात वर्षांच्या दोन भावंडांना ती सांभाळते, त्यांच्याकडून इंग्रजी बोलवून घेते. त्या दिवशी पाऊस होता, बागेत जाणे शक्य नव्हते. तेव्हा तिने त्यांना आपली काऊ-चिऊची गोष्ट फ्रेंचमध्ये सांगितली. शेणाचे घर फ्रेंचमध्ये कसे सांगावे, हा मोठाच प्रश्न पडला. धाकट्याने मात्र शेवटी विचारले, ‘चिमणीने दार लवकर का उघडले नाही?’ तिने लिहिले आहे की, हा प्रश्न आपल्याला लहानपणी कधीच पडला नव्हता.

येथे भाषेविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण मघाच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते, आणि ज्यांची सारी विचारप्रक्रिया इंग्रजीत होते त्यांना खुर्ची स्त्रीलिंगी का, हे उमगायला फार काळ लागतो. आपल्या मुलांना तीन लिंगांची सवय आहे, तेथे दोनच. खुर्ची तेथेही स्त्रीलिंगी आहे, सूर्य तेथेही पुल्लिंगी. चंद्र मात्र स्त्रीलिंगी आहे. आपला चांदोमामा फ्रान्समध्ये मावशी होतो. थोरामोठ्यांना ‘व्हू’ आणि जवळच्यांना ‘त्यू’ म्हणावे, हे ‘तुम्ही’ आणि ‘तू’ जाणणाऱ्या मुलाला शिकवावे लागत नाही. अननसाला तेथे ‘अनाना’ म्हणतात, साबणाला ‘साव्हों’. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेले हे शब्द आपल्या घरांत कित्येक पिढ्या नांदत आहेत.

फ्रेंच अंकांची तर फार गंमत आहे. ऐंशीला तेथे ‘चार वीस’ म्हणतात आणि सत्त्याण्णवला ‘चार वीस दहा-सात’. तिच्या वर्गातील परदेशी मुले या अंकांना वैतागली होती. हिची आजी मात्र खानापूरकडची, शाळेची पायरी न चढलेली. ती अजूनही विसांनीच मोजते. तिच्या लेखी ऐंशी म्हणजे चार विसा. आजीचे जे मोजणे घरात थट्टेचा विषय होते, तेच ल्योंमध्ये नातीच्या कामी आले. मातृभाषा पक्की असणे म्हणजे केवळ निबंध चांगला लिहिता येणे एवढेच नाही. दुसरी भाषा आली की तिला टांगायला मनात भक्कम खुंट्या असणे, हा त्याचा खरा लाभ आहे. मराठी माध्यमातील मूल टिकेल का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, मराठी पक्की असेल आणि जोडीला इंग्रजी-हिंदी मेहनतीने कमावली असेल, तर टिकेल. मराठीही कच्ची आणि इंग्रजीही कच्ची असेल, तर ते कोणत्याही माध्यमातून शिकले तरी अडखळेल.

गुरुवार. सकाळी आठ ते बारा प्रयोगशाळा, दुपारी दोन तास आणि संध्याकाळी गटाची बैठक. गटात एक फ्रेंच मुलगा, एक मोरोक्कोची मुलगी, एक व्हिएतनामी मुलगा आणि ही. शुक्रवारी प्रत्येकाला पंधरा मिनिटे फ्रेंचमधून सादरीकरण करायचे होते. विषय होता धातूंचा पुनर्वापर. गुरुवारची संध्याकाळ तेथील विद्यार्थ्यांची मौजेची. या चौघांनी रात्री नऊपर्यंत काम केले आणि मग एकत्र जेवण केले. हिने पोहे केले. गिलोतिएर नावाच्या वस्तीतील आशियाई दुकानांतून पोहे, हिंग, मोहरी असे सारे मिळते. रात्री साडेअकराला खोलीवर परतल्यावर तिने सादरीकरणाचा विषय बदलला. आधी जुन्या मोबाइल संचांतील धातूंवर पुस्तकांतून माहिती गोळा केली होती. ती बाजूला ठेवून तिने आपल्या वडिलांची गलाई मांडायचे ठरविले.

मित्रहो, या निर्णयाचे मोल मी जाणते. आपल्या शाळेत असताना ही मुलगी वडिलांच्या व्यवसायाचा उल्लेख टाळत असे. अर्ज भरताना नुसते ‘व्यापार’ लिहीत असे. तेजाबाने डागाळलेल्या हातांचे वडील पालकसभेला मागच्या बाकावर बसत. आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता, परक्या भाषेत, परक्या लोकांपुढे, तिने तेच काम फळ्यावर लिहून दाखविले.

तिने सांगितले की, अशुद्ध सोन्यात आधी चांदी मिसळावी लागते. साधारण एक भाग सोने आणि तीन भाग चांदी असे प्रमाण ठेवतात. हे मिश्रण वितळवून त्याचे दाणे किंवा पातळ पत्रे करतात आणि ते नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात, उकळतात. चांदी आणि तांबे विरघळतात. सोने तपकिरी भुकटी होऊन तळाशी उरते. चांदी कमी असेल तर आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते चौथाईचे प्रमाण. मग विरघळलेल्या चांदीच्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी पुन्हा बाहेर येते. हे सारे रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहेच. परंतु भट्टीचा रंग पाहून उष्णता ओळखणारे, झाडलोटीच्या एका पोत्यातून किती सोने निघेल याचा अंदाज बांधणारे तिचे वडील नववीपर्यंतच शिकलेले आहेत, असे तिने शेवटी सांगितले. वर्गात शांतता पसरली.

त्यानंतर प्राध्यापिकाबाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘हा तपकिरी धूर जातो कोठे?’

तेजाबात धातू विरघळताना नायट्रोजन डायऑक्साइड वायू निघतो. तो फुफ्फुसांना घातक असतो. हे तिला पाठ होते; परीक्षेत तिने कित्येकदा लिहिलेही होते. परंतु आपल्या गल्लीतील ती दहा बाय बाराची खोली, तिची एकुलती एक खिडकी आणि वडिलांचा हिवाळ्यातील खोकला या तिन्ही गोष्टी त्या समीकरणाशेजारी तिने आजवर कधी मांडून पाहिल्या नव्हत्या. तिने प्रामाणिकपणे उत्तर दिले, ‘खिडकीतून गल्लीत जातो, आणि थोडा माझ्या वडिलांच्या छातीत.’

त्याच दुपारी मागील परीक्षेचे गुण लागले. तिला २० पैकी साडेअकरा मिळाले. आपल्या पालकांना हे ऐकून धक्का बसेल. टक्केवारीत ते साडेसत्तावन्न होतात. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण, १२ ला बरे, १४ ला चांगले आणि १६ ला अतिशय चांगले म्हणतात. वीसपैकी वीस तर क्वचितच कोणाला मिळतात. पंचाण्णव टक्क्यांच्या हवेत वाढलेल्या आपल्या मुलांना तेथे पहिल्या सहामाहीत रडू येते. गुण म्हणजे माणसाची किंमत नव्हे, हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. तेथे मात्र ते पचवावे लागते.

शनिवारी कपडे धुणे, आठवड्याचा बाजार आणि दुपारी क्रोआ-रूस ही टेकडी. ही ल्योंच्या रेशीम विणकरांची जुनी वस्ती. जाकारचा प्रसिद्ध माग १८०४ च्या सुमारास याच शहरात आला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी ठरविणारा तो माग पुढे संगणकाच्या कल्पनेचा एक पूर्वज मानला गेला. मागाच्या उंचीसाठी तेथील घरांची छते उंच बांधली आहेत. त्याच घरांत विणकर राहत, तेथेच काम करीत. योग्य दर मिळावा म्हणून त्यांनी १८३१ आणि १८३४ साली उठाव केले. आज त्या वस्तीत विणकरांचे संग्रहालय आहे. तिने लिहिले आहे, ‘बाई, इथे कारागिराच्या घराचे छत त्याच्या मागाच्या मापाने बांधले होते. आमच्या गल्लीत कारागीर खोलीच्या मापाने वाकतो.’

रविवार. दुपारनंतर दुकाने बंद, रस्ते शांत. सकाळी अहवाल, मग आठवड्याचा हिशेब. संध्याकाळी पाच वाजता घरी फोन. तेव्हा दिल्लीत साडेनऊ वाजलेले असतात. करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असल्यामुळे रविवारी वडिलांचे काम उशिरापर्यंत चालते. एरवी या फोनवर जेवलीस का, थंडी किती आहे, एवढेच बोलणे होई. त्या रविवारी तिने वडिलांना खोलीचे माप विचारले, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारले आणि धूर ओढून पाण्यातून व सोड्याच्या द्रावणातून नेणाऱ्या साध्या यंत्रणेचे चित्र काढून पाठविले. वडिलांनी आधी हसण्यावारी नेले. चाळीस वर्षे हेच चालले आहे, असे म्हणाले. मग आजीने फोन घेतला आणि नातीला म्हणाली, ‘तू चित्र धाड, मी बघते याच्याकडं.’

येथे तिची अकरा पाने संपतात. पुढील गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या खोलीत धूर ओढणारी नळी बसली. काम अजून अपुरे आहे, शेजारच्या खोल्यांत तर काहीच नाही. परंतु गल्लीतील इतर तीन गलाईवाले ती नळी पाहून गेले आणि खर्च किती आला, हे विचारून गेले.

विद्यार्थी मित्रहो, या आठवड्यात कष्ट आहेत, एकटेपणा आहे, थोडी मौजही आहे. परंतु माझ्या दृष्टीने त्याचा गाभा शुक्रवारच्या त्या एका प्रश्नात आहे. दूरदेशी शिकायला जाणे म्हणजे आपले घर विसरणे नव्हे. आपल्या घराविषयी जो प्रश्न घरात राहून सुचला नसता, तो घेऊन परत येणे होय. तो प्रश्न समजण्यासाठी तिला रसायनशास्त्र लागले, तो ऐकण्यासाठी फ्रेंच लागली आणि वडिलांपर्यंत पोहोचविण्यासाठी मराठीच लागली.

ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगते. फ्रान्समधील शासकीय विद्यापीठांनी युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी २०१९ पासून वाढीव शुल्क लागू केले. पदव्युत्तर वर्गासाठी ते वर्षाला ३,७७० युरो होते आणि नंतर थोडे वाढले. अनेक विद्यापीठे मात्र त्यात सूट देतात. व्हिसासाठी महिन्याला किमान ६१५ युरोंची तरतूद दाखवावी लागते. भारतातील फ्रेंच दूतावासाची ‘शार्पाक’ शिष्यवृत्ती आहे. अधिकृत माहिती ‘कॅम्पस फ्रान्स’ या संस्थेकडे मिळते. मध्यस्थाच्या हाती लाखो रुपये देण्यापूर्वी पालकांनी तेथे अवश्य चौकशी करावी. आणि प्रत्येकानेच परदेशी जावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ऋण काढून सण करू नये, हे आपल्या वाडवडिलांचे सांगणे शिक्षणालाही लागू आहे.

शाळा म्हणून आपल्यालाही यातून काही घेता येईल. या हीरक महोत्सवी वर्षापासून आठवी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा, वर्गापुढे उभे राहून, दहा मिनिटे आपल्या घरच्या कामाविषयी बोलावे, असा उपक्रम आम्ही सुरू करीत आहोत. गलाई असो, शिवणकाम असो, कार्यालयातील नोकरी असो की आईचा स्वयंपाक असो. बोलून झाल्यावर वर्गाने किमान एक प्रश्न विचारलाच पाहिजे, एवढा एकच नियम. मुलामुलींनी दोघांनीही स्वयंपाक, हिशेब आणि आपली कागदपत्रे सांभाळणे शिकावे, यासाठी शनिवारचा एक तास राखून ठेवला आहे.

पालकहो, साठ वर्षांपूर्वी या वस्तीतील मराठी माणसांनी पदरमोड करून ही शाळा उभी केली, ती मुलांना जगापासून वेगळे ठेवण्यासाठी नव्हे. जगात जाताना त्यांच्या हाती आपले असे काही असावे, म्हणून. आज वर्गातील पट पूर्वीइतका राहिलेला नाही, हे सर्वांना दिसते आहे. मूल शाळेत घालताना माध्यमाचा विचार जरूर करा. पण त्या विचारात हा एक आठवडाही धरा, एवढी माझी विनंती आहे. आणि पुढील पालकसभेला गलाईवाल्या पालकांनी मागच्या बाकावर बसू नये. पहिली रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवली जाईल.